आजीचा पुरावा : बेने इस्राएल स्थलांतर आणि स्मृतिलेखनातील धर्मशील स्त्री

१८ फेब्रुवारी १९६२ रोजी इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींसाठी काही सूचना प्रसृत केल्या. बेने इस्राएल समाजातील व्यक्ती समाजाबाहेरील ज्यू व्यक्तीशी विवाह करू इच्छित असेल, तर नोंदणीपूर्वी अर्जदाराची आई, आईची आई आणि शक्य असेल तेवढे मागे जाऊन त्यांच्याही आधीच्या स्त्रिया ज्यू होत्या काय, याची चौकशी करावी, असे त्यांत सांगितले होते. आईबापांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणी घटस्फोटानंतर पुन्हा विवाह केला होता काय, निषिद्ध नात्यात विवाह झाला होता काय, हेही पाहावयाचे होते. मंडळाने तत्पूर्वी, ऑक्टोबर १९६१ मध्ये, बेने इस्राएलांशी विवाहास तत्त्वतः हरकत नाही असा निर्णय दिलेला होता. तत्त्व मान्य झाले आणि व्यवहारात मात्र प्रत्येक तरुण वधूवराला आपल्या आजीचा पुरावा देणे भाग पडले.

ही आजी कोण होती? कुलाबा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून मुंबईच्या उमरखाडी-मांडवी भागात आणि तेथून उतारवयात मुलानातवंडांबरोबर लोद, रामला, बीरशेबा, दिमोना यांसारख्या गावांत आलेली मराठीभाषक स्त्री. तिला हिब्रू बोलता येत नव्हते; प्रार्थनेतील हिब्रू शब्द कानांवरून पाठ झालेले होते. तिच्या विवाहाची नोंद असलीच तर ती मुंबईतील किंवा कोकणातील सिनेगॉगच्या दप्तरात, आणि तिच्या आईच्या विवाहाची नोंद बहुधा कोठेच नव्हती. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ज्यूपण आईकडून येते. त्यामुळे ज्या स्त्रीला धर्मसत्तेने कधी काही विचारले नव्हते, तिच्याच आयुष्यावर आता तीन पिढ्यांचा धार्मिक दर्जा अवलंबून राहिला. बेने इस्राएल स्थलांतराच्या इतिहासलेखनात या प्रसंगाची नोंद कायदा, राजकारण आणि वर्णभेद या अंगांनी सविस्तर झालेली आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय त्याहून मर्यादित आहे. आजीच्या धर्माचे स्वरूप काय होते, तो कोणत्या प्रकारच्या साधनांत टिकला, आणि पुढच्या पिढीच्या लेखनात तो कोणत्या भाषांतून आठवला गेला, एवढ्याच प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

बेने इस्राएल समाजाची उत्पत्तिकथा सर्वपरिचित आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्यापासून समाज वाढला, कोकणातील खेड्यांत पांगला, तेल गाळण्याचा व्यवसाय करू लागला आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे 'शनिवार तेली' या नावाने ओळखला जाऊ लागला. गावांवरून आडनावे पडली : दिवेकर, केहीमकर, राजपूरकर, झिराडकर, अष्टमकर. या कथेची ऐतिहासिकता तपासण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र त्याच परंपरेतील दुसरी एक कथा या विषयाच्या संदर्भात अधिक महत्त्वाची आहे, आणि अभ्यासकांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले आहे असे वाटत नाही.

ती कथा दावीद राहाबी या परदेशस्थ ज्यू गुरूची. त्याच्या काळाबद्दल एकमत नाही. हाईम सॅम्युएल केहीमकर त्याला बरेच मागे नेतात, तर काही अभ्यासक त्याचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. तो कोकणात आला, शनिवार पाळणारे आणि मुलांची सुंता करणारे हे तेली त्याने पाहिले आणि हे ज्यू असावेत असा त्याला संशय आला. खात्री करून घेण्यासाठी त्याने पुरुषांना काही विचारले नाही. त्याने स्त्रियांना मासळी रांधावयास दिली. तीत खवले आणि पर असलेली मासळी होती, तशी नसलेलीही होती. स्त्रियांनी खवले-पर नसलेली मासळी वेगळी काढून बाजूला ठेवली. ती आम्ही खात नाही, म्हणाल्या. राहाबीची खात्री पटली. त्यानंतर त्याने समाजातील तिघांना धर्मशिक्षण देऊन 'काजी' नेमले. हे तिघे झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतील पुरुष होते.

परीक्षा स्त्रियांनी दिली आणि अधिकारपद पुरुषांना मिळाले, हा या कथेतील विपर्यास कथा सांगणाऱ्यांना जाणवलेला दिसत नाही. पण कथेने एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली आहे : ग्रंथ नव्हता, हिब्रू विसरले गेले होते, सिनेगॉग नव्हते, अशा काळात ज्यूपणाचा पुरावा चुलीपाशी होता. १९६२ च्या सूचनांतही पुरावा स्त्रीकडेच मागितला गेला. फरक एवढाच की राहाबीने ती काय करते हे पाहिले. रब्बी मंडळाने ती कोणाच्या पोटी जन्मली हे विचारले.

चुलीपाशी टिकलेल्या या धर्माचे सर्वांत बोलके साधन म्हणजे सणांची जुनी मराठी नावे. केहीमकरांनी ती नोंदविली आहेत. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्तदिनी घराची दारे बंद करून, कोणाचा स्पर्श होऊ न देता उपवास करावयाचा, म्हणून तो दार फाळणीचा सण. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकदिनाला बिरड्याचा सण म्हणत, कारण त्या दिवशी मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे करीत. वल्हांडणाला अनाशी ढाकाचा सण असे नाव होते. अनास म्हणजे आंबवलेल्या रसाचे भांडे. खमीर वर्ज्य असलेल्या त्या आठवड्यात हे भांडे झाकून ठेवावयाचे, एवढीच आठवण नावात उरली होती. खिरीचा सण निराळा. पूरीम हा होळीच्या सुमारास येणारा म्हणून होळीचा सण.

या नावांत मोशे नाही, मिसर देश नाही, मंदिर नाही, एस्तेर राणीही नाही. सणामागील आख्यान गळून गेले आहे आणि त्या दिवशी घरात काय करावयाचे तेवढे राहिले आहे. एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांना हे अज्ञान वाटले, आणि समाजातील सुधारकांनीही पुढे त्याच शब्दात त्याचे वर्णन केले. परंतु तुलनात्मक दृष्टीने पाहता ही नावे म्हणजे एक पूर्ण दिनदर्शिका आहे, आणि तिची कर्ती घरातील स्त्री आहे हे उघड आहे. दार बंद करणारी, बिरडे सोलणारी, खीर ढवळणारी, भांडे झाकणारी तीच. आख्यानावाचून विधी किती काळ टिकू शकतो याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठी प्रदेशात दुसरे क्वचितच सापडेल.

आख्यान परत आले ते छापखान्याबरोबर. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले होतेच. पुढे अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी शाळा काढल्या, बायबलाची मराठी भाषांतरे उपलब्ध करून दिली; विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. धर्मांतराच्या हेतूने दिलेल्या या साधनांचा समाजाने आपल्या धर्माकडे परतण्यासाठी उपयोग केला, आणि ही गोष्ट मिशनऱ्यांच्या अपेक्षेत नव्हती. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलातील कथांवर कीर्तने रचली गेली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे ओवी, साकी, दिंडी, अभंग यांत बांधून टाळ-मृदंगाच्या साथीने गाइली जाऊ लागली. केहीमकरांनी आपला इंग्रजी इतिहास १८९७ मध्ये पुरा केला. तो तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला १९३७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन दशकांनी.

हे सारे ग्रंथकर्तृत्व पुरुषांचे आहे. स्त्री त्यात एका ठिकाणी दिसते, तीही चित्रात. १८७४ साली पुण्यात छापलेल्या, हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर शेजारी असलेल्या वल्हांडणाच्या हग्गादा ग्रंथात सणाच्या तयारीची चित्रे आहेत. त्यांत लुगडे नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करीत आहेत. चित्राची धाटणी युरोपीय हग्गादांवरून घेतलेली असली, तरी बसण्याची रीत, वेष आणि हातांची ठेवण येथली आहे. हग्गादा हा सांगण्याचा ग्रंथ. त्याच्या नावाचा अर्थच कथन असा आहे. पुण्याच्या आवृत्तीत कथन हिब्रू आणि मराठी अक्षरांत आहे, आणि ज्यांच्यामुळे ते कथन पानावर येईपर्यंत सण टिकून राहिला त्या स्त्रिया अक्षरांबाहेर, चौकटीत आहेत.

तेव्हा १९४८ नंतर जी आजी जहाजाने वा विमानाने इस्राएलला गेली, तिच्या धर्मात हे दोन्ही थर होते. तिच्या आईच्या पिढीची सणांची नावे मागे पडत चालली होती. रोश हशाना, किप्पूर, पेसाह हे शब्द रुळले होते. पण हात तेच करीत होते. मांस मीठ लावून, रक्त पूर्ण निघेपर्यंत ठेवून मग धुवावयाचे. मांसाबरोबर दूधदही नाही, म्हणून कालवणाला नारळाचे दूध. ही कोकणची सोय धर्मशास्त्राच्या इतकी उपयोगी पडली की बेने इस्राएल स्वयंपाक नारळाशिवाय कल्पिता येत नाही. नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा. शुक्रवारी संध्याकाळच्या आशीर्वादासाठी द्राक्षासव लागते. कोकणात ते मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुसकरून, गाळून केलेले सरबत. इस्राएलमध्ये द्राक्षासव कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होते. मनुकांच्या सरबताची गरज तेथे संपली. अनेक घरांत ते तरीही होत राहिले.

आणि मालिदा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे, सुकामेवा, भोवती फळे आणि मध्ये गुलाब. एलियाहू हनाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, नावाने भरलेले हे ताट नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, प्रवासाला निघताना, दुखण्यातून उठल्यावर मांडले जाते आणि एलियाहूचे स्तवन गाइले जाते. झाडांच्या नववर्षाच्या दिवशी तर ते विशेषच. अलिबागजवळ खंडाळे येथील एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या किंवा घोड्याच्या खुणा आहेत अशी श्रद्धा असून त्या स्थळाला एलियाहू हनाबीचा टप्पा म्हणतात. जगातील इतर ज्यू समाजांत एलियाहूला मान आहे, पण असे ताट नाही. शब्द फारसी आहे. कोकणातील मुसलमान पिराला मलिदा चढवितात तो हाच. (प्रमाण मराठीत 'मलिदा' शब्दाला आज जो लाचेचा वास येतो, त्याने या शब्दाच्या धार्मिक इतिहासावर मोठा अन्याय केला आहे.) ताट स्त्रिया भरतात, स्तवन पुरुष म्हणतात. परंतु नवस कोणाचा होता हे विचारले, तर तो बहुतेक वेळा आईचा किंवा आजीचा असतो.

ही आजी इस्राएलमध्ये आनंदाने रुळली, असे चित्र उभे करणे सत्याला धरून होणार नाही. पहिल्या वर्षांतील छावण्या, वाळवंटातील नवी गावे, कामाचा तुटवडा, आणि रंगावरून मिळणारी वागणूक यांमुळे असंतोष लवकरच उघड झाला. १९५१-५२ मध्ये काही बेने इस्राएल कुटुंबांनी ठिय्या देऊन भारतात परत पाठविण्याची मागणी केली, आणि १९५२ मध्ये एक गट खरोखरच परत आणला गेला. त्यातील बरेच जण पुढे पुन्हा इस्राएलला गेले. या दुहेरी प्रवासाबद्दल राजकीय अंगाने लिहिले गेले आहे. ज्या स्त्रीने पन्नाशी-साठी उलटल्यावर तीनदा घर मांडले, तीनदा भांडी नवी केली, तीनदा दाराच्या चौकटीवर मेझुझा लावताना पाहिली, तिच्या अंगाने ते लिहिले गेलेले नाही.

१९६२ च्या सूचनांमुळे याहून मोठा आघात झाला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. बेने इस्राएलांच्या ज्यूपणावर शंका घेतली जाण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. भारतातील बगदादी ज्यूंनी ती एकोणिसाव्या शतकापासून घेतली होती. १९३० च्या दशकात रंगूनच्या सिनेगॉगमधील हक्कांचा वाद तेथील उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. परंतु ते भांडण शेजाऱ्याशी होते. आता ज्या देशाकडे तोंड करून तीन वेळा प्रार्थना केली, त्या देशाची धर्मसत्ता शंका घेत होती. शंकेचे शास्त्रीय कारण आजीच्या सोवळ्याशी संबंधित नव्हतेच. कोकणात रीतसर रब्बी नसल्यामुळे धर्मशास्त्रानुसार घटस्फोटपत्र देण्याची आणि निपुत्रिक विधवेला दिराच्या बंधनातून मोकळे करण्याची पद्धत तेथे नव्हती. तेव्हा कोणाच्या तरी आजीचा दुसरा विवाह शास्त्रतः अवैध ठरेल आणि तिची संतती विवाहास अपात्र ठरेल, अशी भीती रब्बींना होती. म्हणजे तिने मासळी निवडली, मीठ लावले, उपवास केले, दार बंद केले. यांपैकी कशालाही पुराव्याचे मोल नव्हते. एखाद्या विधवेने पुन्हा संसार मांडला असेल, तर त्याचे मात्र मोल होते.

१९६४ च्या उन्हाळ्यात समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेने, लेवी एश्कोल यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू असून वैयक्तिक दर्जाच्या बाबतीतही त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत अशी भूमिका ठरावाने घेतली. ३१ ऑगस्टला रब्बी मंडळाने सूचनांतून बेने इस्राएल हे नाव काढले आणि त्या जागी ज्यांच्या ज्यूपणाबद्दल शंका आहे अशा कोणाही व्यक्तीचा उल्लेख केला. समाजाचा हा विजय होता आणि तो तसाच नोंदविला गेला आहे. नाव गेले, आजीबद्दलचा प्रश्न कागदावर तसाच राहिला, फक्त तो आता सर्वांना विचारता येणार होता.

साहित्याकडे वळल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसते. मराठी ही या समाजाची घरची भाषा, त्याच्या प्रार्थनांच्या भाषांतराची आणि कीर्तनाची भाषा. परंतु धर्मशील वृद्ध स्त्रीला मध्यवर्ती स्थान देणाऱ्या, स्थलांतराचा प्रश्न तिच्या बाजूने मांडणाऱ्या ज्या कृती पुढे आल्या, त्या बहुतांशी मराठीबाहेर लिहिल्या गेल्या. मीरा महादेवन यांनी १९६१ मध्ये 'अपना घर' ही कादंबरी हिंदीत लिहिली. ती १९७५ मध्ये 'शुलमिथ' या नावाने इंग्रजीत आली. इस्राएलला जावे की राहावे या प्रश्नाने दुभंगलेले बेने इस्राएल कुटुंब तिच्या केंद्रस्थानी आहे, आणि 'घर' या शब्दाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार तीत स्त्रीकडे आहे. ज्या काळात रब्बी मंडळ आजीच्या वंशाबद्दल निर्णय करीत होते, त्याच सुमारास ही कादंबरी प्रसिद्ध व्हावी, हा योगायोग असला तरी तो वाचताना विसरता येत नाही.

एस्तेर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचल' (२००६) या इंग्रजी कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रेचल ही अलिबागच्या बाजूला, समुद्रकाठच्या दांडा गावी एकटी राहणारी वृद्धा. मुले इस्राएलला गेली आहेत. ती गेलेली नाही. ओस पडलेले सिनेगॉग ती झाडते, दिवा लावते, आणि ते विकले जाण्याचा घाट घातला गेल्यावर त्याविरुद्ध उभी राहते. प्रकरणांच्या प्रारंभी पाककृती दिल्या आहेत. काही समीक्षकांना ही सजावट वाटते. ती सजावट नव्हे. ज्या परंपरेत वालाचे बिरडे हेच शोकदिनाचे नाव होते, त्या परंपरेत पाककृती हे धर्मग्रंथाचे प्रकरणच असते. लेखिकेने हे जाणून केले असो वा सहज, कादंबरीची घडण जुन्या दिनदर्शिकेशी जुळते. स्थलांतर न करणारी रेचल ही खरे तर स्थलांतरित आजीची उलट बाजू आहे. एकीने देश बदलला आणि नातवंडे जवळ राहिली. दुसरीने दिवा राखला आणि नातवंडे गमावली.

सादिया शेपर्ड यांचे 'द गर्ल फ्रॉम फॉरेन' (२००८) हे आत्मकथन या दोन्हींहून वेगळे आहे, आणि पुराव्याच्या प्रश्नाशी ते सर्वांत जवळचे आहे. लेखिकेच्या आईची आई मुंबईच्या बेने इस्राएल घरात जन्मली. तिने मुस्लिम पुरुषाशी विवाह केला, फाळणीनंतर ती कराचीला गेली आणि आयुष्याच्या उत्तरार्धात अमेरिकेत, बॉस्टनजवळ, मुलीच्या घरी नातवंडांना वाढवीत राहिली. वडील ख्रिस्ती, आई मुसलमान, आणि आजी दोन नावांची. तिचे जन्मनाव ज्यू होते हे नातीला किशोरवयात कळले. अखेरच्या काळात आजीने नातीकडून आपल्या पूर्वजांची माहिती करून घेण्याचे वचन घेतले. २००१ मध्ये नात फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आली आणि पुण्या-मुंबईत, कोकणच्या किनाऱ्यावर, उरलेल्या बेने इस्राएलांचे छायाचित्रण करीत हिंडली.

या पुस्तकाचे महत्त्व आजीच्या धर्माबद्दल ते जे सांगते त्यापेक्षा जे सांगू शकत नाही त्यात आहे. ही स्त्री धर्मशील होती. पण कोणत्या धर्माची, याचे उत्तर तिच्या दिनक्रमावरून देता येत नाही. पंचवीस-तीस वर्षे मुस्लिम घरात संसार केल्यावर जहाजफुटीची कथा ती नातीला झोपताना सांगते, तेव्हा ती आठवण आहे, श्रद्धा आहे की पश्चात्ताप, हे नात ठरवीत नाही. शेपर्ड यांचे हे न ठरविणे हीच पुस्तकाची प्रामाणिक बाजू आहे. धर्मशास्त्राच्या निकषाने पाहिले तर गंमत अशी की, मातृवंशाचा नियम लावता ही मुसलमान आजी ज्यूच, तिची मुलगी ज्यू आणि नातही ज्यू ठरते. आणि तोच नियम दिमोनातल्या, आयुष्यभर शनिवार पाळलेल्या आजीला मात्र कागद दाखव म्हणतो. 'आचरण' आणि 'वंश' ही दोन प्रमाणे एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, हे या दोन आजींना शेजारी ठेवल्यावर कळते.

प्रश्न वंशाचाच करावयाचा तर विज्ञानानेही त्यात भर घातली आहे. २०१६ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात बेने इस्राएलांच्या जनुकीय घडणीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे या समाजात मोठ्या प्रमाणात आहेत, हा मिलाफ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला, आणि त्यात ज्यू वारसा पुरुषांकडून अधिक, तर स्थानिक वारसा स्त्रियांकडून अधिक आला, असे त्याचे निष्कर्ष आहेत. वृत्तपत्रांनी यातील पहिला भाग उचलला : परंपरा खरी ठरली. शेवटच्या भागाकडे फारसे कोणी वळले नाही. सात पुरुष आणि सात स्त्रिया या कथेतील स्त्रियांच्या जागी, निदान काही प्रमाणात, कोकणातल्याच मुली होत्या, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. तसे असेल तर दावीद राहाबीसमोर मासळी निवडणाऱ्या स्त्रियांच्या आद्य आजींनी हा आचार जन्माने मिळविला नव्हता. त्या तो सासरी शिकल्या, आणि इतक्या नेकीने शिकल्या की पुरुष हिब्रू विसरल्यावरही तो राहिला. ज्याला रब्बी मंडळ उणीव म्हणाले असते, त्यात इतिहासकाराला एक कर्तृत्व दिसते.

दरम्यान आकडे बदलले. १९५१ च्या जनगणनेत भारतातील सर्व ज्यूंची संख्या २६ हजारांहून अधिक होती. २०११ मध्ये ती पाच हजारांखाली आली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा तो घ्यावयास फार थोडी घरे उरली होती. इस्राएलमध्ये मात्र समाज अनेक पटींनी वाढला. तेथे 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघाले, स्त्रियांची मराठी भजनी मंडळे उभी राहिली. अ‍ॅना शुल्ट्झ यांनी या गाणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला आहे. एकेकाळी पुरुष कीर्तनकारांनी छापलेली पदे या स्त्रियांनी आपल्या वह्यांत उतरून घेतली आहेत. चाली त्यांना आईकडून, मावशीकडून मिळालेल्या. कीर्तन हा पुरुषांचा, व्यासपीठावरचा प्रकार इस्राएलमध्ये येऊन घरातल्या बैठकीतला, बायकांचा प्रकार झाला. मराठी कीर्तनसंस्थेच्या इतिहासात या स्थित्यंतराला स्थान मिळावयास हवे. अद्याप ते मिळालेले नाही.

खंडाळ्याचा खडक अर्थातच कोणाला नेता आला नाही. हैफा येथे कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहूची गुहा आहे. मोरोक्को, इराक, इराण अशा अनेक देशांतून आलेले ज्यू तेथे जातात. बेने इस्राएल कुटुंबेही जातात. बरोबर पोहे, खोबरे, खजूर, वेलदोडे आणि गुलाब घेऊन जातात. गुहेत जागा अपुरी असते, म्हणून बाहेर चटई पसरून ताट मांडतात. नातवंडे हिब्रूत बोलत असतात. पोहे किती भिजवावेत, हे त्यांना अजून मराठीतूनच सांगितले जाते.